चारशे अडुसष्ट बाय साठ

त्या वर्षी ॲबरडीनमध्ये मी हवेतली जागा विकत होते.
हवेतलीसुद्धा नाही; हवा निदान गालाला लागते.
लांबी चारशे अडुसष्ट, उंची साठ.
साठ काय? इंच का फूट?
असं पहिल्यांदा विचारलं ते डोड लीपरनं,
हॅडॉकचे काटे काढता काढता.
ठिपके, म्हटलं.
तो हसला नाही. सुरी पुसली, म्हणाला,
पोरी, मी मासा विकतो, खवले नाही.

बेकरीतल्या मिसेस क्रूकशँकनं
पिशवीत दोन रोवी घातल्या, गरम,
दारावर आलेल्या धर्मप्रचारकाला द्याव्यात तशा.
दुकान बंद झाल्यावरही चालू असते का ही तुझी जाहिरात?
हो, रात्रभर.
मग रात्री कुणी काही मागितलं तर मी उठायचं?

मोटरीच्या मागच्या सीटवर माझा संगणक, पट्टा बांधून बसवलेला.
फोनचं सॉकेट शोधत मी टेबलांखाली रांगायचे;
ती वर्षं मला लोकांच्या बुटांवरून आठवतात.
मोडेम किंचाळायचा, मालक दचकायचे,
आणि चित्र उतरायला लागायचं वरून खाली,
ओल्या भिंतीवरून उतरावं तसं, अडखळत.
तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक यायचं, खरंखुरं, छत्री निथळणारं,
आणि माझ्या जाहिरातीतला माणूस
भुवयांपर्यंत येऊन थांबलेला असायचा.

समुद्रावरून धुकं यायचं. आमच्याकडे त्याला हार म्हणतात.
मी तो रोज संध्याकाळी गळ्यात घालून घरी यायचे.

खरं सांगायचं तर मलाही कळत नव्हतं.
एडिनबराहून आलेल्या कागदावर होतं ते पाठ म्हणायचे
आणि विश्वास चढवायचे, उसन्या कोटासारखा,
बाह्या जरा लांब.

सगळ्यात शेवटी ॲलिक गॉल्ड.
थडग्यांचे दगड कोरायचा, किंग स्ट्रीटच्या मागे.
भुवया पांढऱ्या, वयानं की ग्रॅनाइटनं, कळायचं नाही.
पडद्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.
अक्षराचे किती घेता?
अक्षराचे नाही, जागेचे.
मी अक्षराचे घेतो, तो म्हणाला.
म्हणून लोक पहिल्यांदा 'लाडका' गाळतात.
मग जरा वेळानं:
आणि वाचलं कुणी, हे मोजता तुम्ही?
एक न् एक, मी म्हटलं, हाच तर
चाळीस वर्षं झाली, तो म्हणाला,
मला एकदाही कुणी हे सांगायला आलं नाही.

त्यानं तीन महिने घेतले. करडी पट्टी, नाव, फोन.
हलणारं काही नको. लुकलुकणारं तर नकोच.

पहिल्या महिन्यात एकवीस क्लिक.
त्यातल्या एकोणीस माझ्या.
रात्री, स्वयंपाकघरात, फोनचं बिल अंगावर घेऊन,
दहा मिनिटं थांबून पुढची, कधी पंचवीस,
म्हणजे वेगवेगळी माणसं वाटावीत,
कुणी घाईतलं, कुणी नुकतं रडून उठलेलं.
आकडा मी कागदावर दिला, सही करून.
त्यानं चष्मा लावला.
एकवीस. बरेच आहेत की, म्हणाला,
आणि घडी करून कागद छिन्न्यांच्या डब्यात ठेवला.

उरलेल्या दोन कुणाच्या, आजही माहीत नाही.

कंपनी बुडाली. मी विमा विकला, मग खिडक्या,
ज्या हाताला लागतात.
आई गेली त्या हिवाळ्यात दगड त्याच्याकडूनच घेतला.
काहीही गाळलं नाही, लाडकीसुद्धा.
तो कमी बोलला, हात थरथरत होते, काम भाच्यानं केलं असावं.
बिल मात्र त्याच्या अक्षरात होतं.
दगडावर छत्तीस अक्षरं.
बिलात सतरा.

मी गेटपाशी उभी राहून वजाबाकी केली.
मग हातमोजा काढला, आणि पुन्हा, बोटांवर.